तंत्रशाळेच्या मागची 'पेशवाई' तोफ: ओळखायला मदत हवी

नटबोल्ट | रवि, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

टूलरूममध्ये ३६ वर्षं काढून निवृत्त झालो. हडपसरच्या पलीकडे एका ट्रस्टची जुनी तंत्रशाळा आहे (नाव मुद्दाम देत नाही), तिथे आठवड्यातून दोनदा पोरांना लेथ शिकवायला जातो. वर्कशॉपच्या मागे घाणेरीचं रान माजलंय आणि त्या रानात एक तोफ आहे. शाळेत सगळे तिला 'पेशवाई तोफ' म्हणतात. रखवालदार मामा दर खंडेनवमीला तिला चंदेरी रंगाचा एक हात मारतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. मीही दोन वर्षं लांबूनच हात जोडून पुढे जात होतो.

गेल्या आठवड्यात ऑफिसात विषय निघाला की मागे पार्किंग करायचं आणि तोफ भंगारात काढायची. भंगारवाला किलोचा भाव सांगूनही गेला. म्हटलं, जाण्याआधी निदान नीट बघून तरी घेऊ. कोयता घेऊन आत शिरलो आणि चक्रावलो.

नळीच्या मागच्या भागाला ही जाडजूड स्प्रिंग वेढलेली. रंगाची पुटं इतकी की वेटोळी एकमेकांना चिकटलीत, पण फटीत नख घालून पाहिलं, स्प्रिंगच आहे. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या सीटसारख्या लोखंडी बैठका, एकीच्या बुडातून पिंपळ उगवलाय. नळीच्या तोंडाला नरसाळ्यासारखा शंकू. नळी आभाळाकडे रोखलेली. चाकं गायब, सगळं धूड सिमेंटच्या ठोकळ्यांवर.

पेशव्यांकडे एवढी हेलिकल स्प्रिंग वळणारा कोण होता? कुणी ओळखेल का?

सदाशिवपेठी | रवि, रात्री ११:०५

राघोबादादांनी अटकेहून येताना आणली असणार. स्प्रिंग मात्र मंडईतून नंतर बसवलेली दिसते.

माजी_गोलंदाज | सोम, सकाळी ६:१५

(क्रिकेटवाला नव्हे, खरा.)

काका, आधी हे ऐका: मागच्या बाजूला हातोडी, पाना, डब्ल्यूडी-४० काहीही घेऊन जाऊ नका. नळीत किंवा खटक्यात जिवंत राऊंड (दारूसकट गोळा) अडकलेला नाही हे कुणी जाणकार तपासेपर्यंत ती भरलेली आहे असंच समजायचं. ७०-८० वर्षांचा दारूगोळा म्हातारा होतो, मवाळ होत नाही. आणि ती स्प्रिंग! बसवतानाच दाबून बसवलेली असते, तोफ कितीही वर्षं पडून असली तरी तिच्यात जोर कोंडलेला असतो. पुढचं नट सोडवायला गेलात तर तीच तोफेसारखी सुटेल.

आता ओळख. नळीभोवती स्प्रिंग, दोन बाजूंना दोन बैठका, तोंडाला शंकू, हे बोफोर्स ४० मिमी, एल-६० चं वर्णन आहे. विमानवेधी तोफ. डिझाइन स्वीडनचं, १९३० च्या दशकातलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा सगळीकडे परवान्यावर बनली, शिवाय जिंकून घेतलेल्या तोफा जर्मनांनीही वापरल्या. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांच्या विमानांवर एकच तोफ झाडत होत्या.

मी लष्करात होतो तेव्हा हिच्या पुढच्या पिढीतली एल-७० आली होती, पण आमचे उस्ताद एल-६० वर शिकलेले. त्यांनी सांगितलेलं काम असं: दोघे बैठकांवर बसायचे, एक नळी आडवी फिरवणार, दुसरा वरखाली करणार. मागे फलाटावर भरणारा उभा. त्याच्या हातात चार राऊंडची क्लिप, एकेक राऊंड दोन किलोच्या आसपास. मिनिटाला १२० चा वेग म्हणजे चार राऊंड दोन सेकंदांत खलास. तेवढ्यात पुढची क्लिप वरून खाली कोंबायची, बोटं वाचवून, आणि तोफ फिरत असताना तिच्याबरोबर आपणही फिरत.

व्हर्नियर घेऊन नळीचं तोंड मोजा. टूलरूमवाले आहात, तुम्हाला काय सांगायचं.

उगाच_एक | सोम, सकाळी ९:३०

बोफोर्स म्हणजे ती घोटाळ्यातलीच ना? पार्किंगपेक्षा चौकशी आयोग नेमा.

माजी_गोलंदाज | सोम, सकाळी ९:४२

कंपनी तीच, तोफ वेगळी. १९८६ च्या करारातली १५५ मिमीची हॉवित्झर, जमिनीवरचं लक्ष्य मारणारी. ही ४० मिमीची, आकाशाकडे बघणारी. हिच्याच पुढच्या पिढीतल्या एल-७० ने मे २०२५ मध्ये ड्रोन पाडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

नटबोल्ट | सोम, रात्री ९:२०

मोजली. शंकूच्या आत हात घालून, थरथरत. रंगाचं पूट वजा केल्यावर व्यास ४० मिमीच्या केसभर वर. नळीची लांबी स्प्रिंगखाली नीट धरता येत नाही, पण सव्वादोन मीटरच्या आसपास.

माजी_गोलंदाज | सोम, रात्री ९:३१

मग एल-६० च. एल-७० ची नळी २.८ मीटर भरली असती. अभिनंदन, आणि आता लांब व्हा.

कायद्याचं_बोला | मंगळ, सकाळी १०:१०

रंगात भंग करते, माफी. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये 'प्रतिबंधित शस्त्रं' अशी व्याख्या आहे आणि तिच्यात विमानवेधी तोफांचा उल्लेख चक्क नावानिशी आहे. केंद्राच्या खास परवानगीशिवाय असलं शस्त्र बाळगता येत नाही. पळवाट म्हणा वा दिलासा, कलम ४५ मध्ये आहे: कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं आणि दुरुस्ती करूनही चालणार नाही असं हत्यार असेल तर हा कायदा लागू होत नाही. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द महत्त्वाचे. ते ठरवणारे तुम्ही-आम्ही नाही. म्हणून ट्रस्टच्या लेटरहेडवर पोलिसांना लेखी कळवा, पोच घ्या.

दुसरं, कुणी 'पुरातत्त्व खात्याला सांगा' म्हणायच्या आधीच सांगते: १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारणपणे १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू बसते. ही अजून कोवळी आहे. म्हणजे भंगारवाल्यापासून हिला वाचवणारा कायदा नाही, वाचवलं तर तुम्हीच.

तिसरं, शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर काढा. त्यात नोंद असेल तर रीतसर निर्लेखन (नोंद रद्द) केल्याशिवाय ट्रस्टला ती विकता येणार नाही.

सदाशिवपेठी | मंगळ, सकाळी १०:२५

'कोवळी' बद्दल +१. शंभरी भरली की सत्काराला बोलवा.

मुंढव्याचा_राजा | मंगळ, दुपारी २:००

आमचे आजोबा सांगायचे, युद्धात लोहगावला जपानी विमान आलं होतं आणि ते तोफेनं पाडलं. हीच ती असणार. बोर्ड लावा तसा!

माजी_गोलंदाज | मंगळ, दुपारी ३:१५

राजे, आजोबांचा मान ठेवून सांगतो, पुण्यावर जपानी विमान आलंच नाही. ५ एप्रिल १९४२ ला कोलंबो, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकीनाडा, मग त्या डिसेंबरपासून कलकत्ता. पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्यांची मजल गेली नाही.

भीती मात्र खरी होती. लोहगावचा विमानतळ १९३९ मध्ये झाला तोच मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. विमानवेधी तोफांवर आपल्या पोरांना शिकवायला १९४० मध्ये कुलाब्याला केंद्र निघालं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं तेव्हा पुष्कळांना आधी जपानी हल्लाच वाटला. आजोबांच्या गोष्टीचं मूळ असल्या एखाद्या दिवसात असेल. बोर्डावर ती लिहा, पण 'असं सांगतात' म्हणून.

वैजू_आजी | मंगळ, रात्री ८:५०

१९७१ च्या डिसेंबरात मी नववीत, नारायण पेठेत. तावदानांना बाबांनी खाकी कागद चिकटवलेला, खळ घरीच शिजवलेली. गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा. भोंगा झाला की गल्लीतून आरोळी, "दिवा घालवा हो!" आमचा स्टोव्ह पेटलेला असायचा, त्याच्या निळ्या ज्योतीभोवती आई पत्र्याच्या डब्याचा उभा कापलेला अर्धा भाग लावायची. आम्हाला वाटायचं पाकिस्तानचा पायलट नेमका आमच्या पिठल्यावर डोळा ठेवून आहे. तोफा कुठे होत्या ते कधी पाहिलं नाही. आज तुमच्यामुळे कळलं की बैठकीवर बसून कुणीतरी चाक फिरवत असायचं.

उगाच_एक | मंगळ, रात्री ९:१५

आजी, यावर वेगळा धागा काढा, ही आज्ञा समजा.

नटबोल्ट | पुढचा रवि, सायं ६:३०

अपडेट. लांबलचक आहे.

अर्ज घेऊन गेलो. ठाण्यातल्या हवालदारांनी दोनदा वाचून विचारलं, "काका, तोफ हरवलीय का सापडलीय?" सापडलीय म्हटल्यावर चहा आला. दोन दिवसांनी बॉम्बशोधक पथक. वर्कशॉपमधली पोरं लांब फाटकापाशी पिटाळली. मागचा ठोकळा, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा, खालीवर सरकणारा ब्रीच ब्लॉक, गंजून गच्च बसलेला. म्हणून तोंडाकडून कॅमेरा सोडला. नळी वर रोखलेली आणि तोंडाला आयतं नरसाळं, त्यामुळे तीस वर्षांत आलेल्या-गेलेल्या विद्यार्थ्यांनी तिचा पोस्टाच्या पेटीसारखा उपयोग केलेला. निघालेला ऐवज: गोट्या ११, बॉलपेनचं टोपण, कुंभारमाशीची तीन घरटी आणि सुरळ्या करून कोंबलेल्या कॉप्या. एका सुरळीवर ओहमचा नियम अजून वाचता येतो, तोही चुकीचा लिहिलेला. पोराला तेव्हाच पकडायला हवं होतं.

राऊंड नाही. तसं लेखी मिळालं.

डेडस्टॉक रजिस्टर सापडलं. १९७४ सालची ओळ: 'गन, जुनी, नग १, किंमत रु. १'. कुणी दिली, कुठून आली, रकाना कोरा.

ट्रस्टचे लोक आता जरा वरमलेत. म्हणतात, ठेवायची तर चकाचक करून दर्शनी भागात ठेवू. एक कॉन्ट्रॅक्टर सँडब्लास्टिंग करून वर सोनेरी रंग मारून देतो म्हणतोय, पंधरा दिवसांत.

धातुवेडी | रवि, सायं ६:५२

थांबवा त्याला. आत्ताच्या आत्ता फोन करा, मग पुढचं वाचा.

मी धातूंच्या वस्तूंचं जतन करते. काही वर्षांपूर्वी एका गावात (गाव सांगत नाही) एक छान तोफ अशीच 'चकाचक' झालेली पाहिली. वाळूच्या माऱ्याने गंज गेला, सोबत ठसे गेले, आकडे गेले, कडा बोथट झाल्या. वर सोनेरी रंग. आता ती कुठली, कधीची, हे कुणालाही कधीच कळणार नाही. डॉक्टरने आजारासोबत माणसाचं नावही काढून टाकावं, तसं.

तुमच्या मामांनी नकळत उत्तम काम केलंय. तो चंदेरी रंग ॲल्युमिनियमचा असतो, त्याच्या बारीक पापुद्र्यांचा थर पाणी अडवतो. पुण्याच्या कोरड्या हवेत दरवर्षी एक हात म्हणजे तोफेला दरवर्षी नवा रेनकोट. उघडी राहिली असती तर तुम्हाला स्प्रिंगऐवजी गंजाची जिलबी मिळाली असती.

आता करायचं काय, तर घाई नाही. बाजूला काडेपेटीएवढी एक जागा निवडा आणि रंग थराथराने खाली न्या, पायऱ्या केल्यासारखा. रंगकाढू जेल आणि ओलं खरवडणं, ग्राइंडर अजिबात नाही. सगळ्यात खाली बहुधा लालसर थर लागेल, तो रेड लेड प्रायमर, म्हणजे शिसं. रसायनाच्या दृष्टीने आपला देवाचा शेंदूरच. कोरडा घासला तर धूळ छातीत जाते, म्हणून मास्क, हातमोजे, आणि पोरांना लांब ठेवा.

सदाशिवपेठी | रवि, सायं ७:१०

म्हणजे मामांच्या आधी लष्करानेच तिला शेंदूर फासला होता!

नटबोल्ट | रवि, रात्री ८:०५

फोन केला. कॉन्ट्रॅक्टर नाराज, ट्रस्टचे खजिनदार खूश (पैसे वाचले). ताई, तुम्ही येऊ शकाल का? जेवण आमच्याकडे.

उगाच_एक | रवि, रात्री ८:३०

गंभीरपणे विचारतो. त्या शाळेत लेथ किती जुनी आहे? मुलांना नवी मशीन घ्यायची सोडून मेलेल्या तोफेवर खर्च कशाला? युद्धाचं एवढं कौतुक का?

नटबोल्ट | रवि, रात्री ८:५५

लेथ १९६८ ची. प्रश्न रास्त आहे. पण मी गेल्या आठवड्यात पोरांना त्या स्प्रिंगपाशी (दोरी बांधून, लांबून) नेलं आणि विचारलं, गोळा पुढे गेला की नळी मागे येते, तिला परत जागेवर कोण आणतं? जी पोरं फळ्यावर स्प्रिंगचं सूत्र बघून जांभया देतात, त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, मग ती मागे येताना रिकामी पुंगळी पण तीच काढत असेल." कुणी शिकवलं नव्हतं. आणि बरोबर होतं. नळी मागे सरकण्याच्या जोरावरच ठोकळा उघडतो आणि पुंगळी बाहेर पडते. तेव्हा माझ्यापुरती ती तोफ कमी आणि शिकवायचं मॉडेल जास्त आहे. कौतुक यंत्राचं.

माजी_गोलंदाज | रवि, रात्री ९:४०

त्या पोराला माझ्यातर्फे एक मिसळ. आणखी एक सांगा त्याला: हवेत मारलेला गोळा विमानाला लागला नाही तर जातो कुठे? खाली, आपल्याच लोकांवर. म्हणून गोळ्याच्या बुडाशी असलेला ट्रेसर (जळत उजेडाची रेघ सोडणारा मसाला) जळून संपला की तो गोळा हवेतच फोडायचा. बघा म्हणावं, विचार करून हे सुचतं का.

अवांतर: पोरांची सहल काढायची असेल तर घोरपडीचं दक्षिण कमांडचं युद्धस्मारक जवळ आहेच, आणि अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एका दिवसात होतं.

धातुवेडी | तीन आठवड्यांनी, शनि, रात्री १०:१५

आज जाऊन आले. काकूंच्या हातची भरली वांगी हे या धाग्याचं सर्वात मोठं यश, हे आधी नोंदवते.

डाव्या बैठकीमागे काडेपेटीएवढी खिडकी उघडली. वरून खाली: चंदेरी, चंदेरी, चंदेरी. प्रत्येक थराच्या मध्ये धुळीची बारीक रेघ, झाडाच्या वर्तुळांसारखी. भिंगाखाली मोजले तर ३३. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "मी ९२ ला लागलो. यंदाचा धरून चौतीस दसरे." मी म्हटलं, एक कमी भरतोय. ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "करोनाच्या साली फाटक बंद होतं." हिशेब जुळला. माझ्या कामात एवढं चोख रंगपंचांग क्वचित मिळतं.

त्याखाली हिरवट दोन थर, मग करडा, मग लाल, मग लोखंड. त्या लोखंडावर, ब्रीचच्या कडेला दुसरी खिडकी उघडली तिथे, ठसा: इंग्रजी सी, त्याच्या पोटात वर टोक असलेला बाण. शेजारी १९४३.

माजी_गोलंदाज | शनि, रात्री १०:२०

सीच्या पोटात बाण म्हणजे कॅनडाची सरकारी खूण! नुसता बाण असता तर ब्रिटिश.

कॅनडात या तोफा हॅमिल्टन गावात ओटिस-फेन्सम नावाच्या कंपनीने बनवल्या. ओटिस म्हणजे तीच, लिफ्टवाली. युद्धात लिफ्टचा कारखाना तोफांना लावलेला. हिचा जन्म नक्की तिथलाच का, हे नंबर पूर्ण वाचल्यावर बघू.

सदाशिवपेठी | शनि, रात्री १०:३३

अटकेपार म्हणालो होतो मी. थोडं पुढे गेलं इतकंच.

धातुवेडी | शनि, रात्री ११:००

वाळूचा मारा झाला असता तर तो बाण पहिल्या दहा सेकंदांत गेला असता. असो.

पुढचं काम ट्रस्टला लिहून दिलंय. चंदेरी थर जिथे घट्ट आहेत तिथे तसेच ठेवायचे, खिडक्या उघड्या ठेवून वर पारदर्शक मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स). पापुद्रे सुटलेत तिथला गंज हलक्या हाताने काढून टॅनिक आम्ल लावायचं, गंज काळानिळा होऊन स्थिर होतो. ज्यांना हे परकं वाटतं त्यांच्यासाठी: हिरडा आणि हिराकस उकळून पोथीची काळी शाई करायचे, रसायन तेच. पिंपळ ओढून उपटायचा नाही, कापून मुळाला औषध. नळीचा रोख थोडा खाली आणता आला तर उत्तम, नाहीतर शंकूला झाकण, पण आतली दमट हवा बाहेर पडेल असं. बैठकांच्या बुडाला पाणी निघायला भोकं मुळातच आहेत, रंगाने बुजलीत, ती फक्त मोकळी करायची. वर साधी पत्र्याची शेड. स्प्रिंग सोडवायची नाही, कुणी कितीही पैजा लावल्या तरी.

नटबोल्ट | रवि, सकाळी ८:१०

शेडचे अँगल आमची पोरं वर्कशॉपमध्येच वेल्ड करतायत. पार्किंग चार फूट अलीकडे सरकलं.

एकच अडचण राहिलीय. मामांना सांगितलं की आता रंग मारायचा नाही, कुंकू लावायचं नाही, नारळ तर तोफेवर मुळीच फोडायचा नाही. ते काही बोलले नाहीत, पण काल दिवसभर माझ्याशीही बोलले नाहीत. संध्याकाळी आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं ते मेण लावा. पण नवमीला मी काय करायचं?"

ताई, काही सुचतंय?

धातुवेडी | रवि, सकाळी ८:४०

नारळाचं पाणी लोखंडाला वाईट, तो पायरीवर फोडायचा. माळ चालेल, संध्याकाळी काढायची, ओली ठेवायची नाही. कुंकवासाठी... थांबा. चाकं नाहीत म्हणालात ना? टेकूसाठी तुम्ही नवीन लाकडी ठोकळे बसवणारच आहात. ते मूळचे नाहीत, त्यांना काय हवं ते लावू दे.

नटबोल्ट | रवि, रात्री ९:००

मामांना विचारलं. म्हणाले, "ठोकळ्याला कोण हळदकुंकू लावतं? तोफ म्हणजे तोफ."

मग स्वतःच फिरून फिरून पाहिली आणि ताईंनी उघडलेल्या खिडकीच्या खाली, जिथे ३३ थर अजून शाबूत आहेत, तिथे बोट टेकवलं. "हा रंग माझा आहे ना? मग त्याच्यावर लावीन."

धातुवेडी | रवि, रात्री ९:०४

लावू द्या. चौतिसावा थर मी मोजून ठेवीन.